लिनक्सवर बिनतक्रार चालणारा सॉकेट मॅकवर संदेश गाळतो: कारण शोधण्यासाठी मदत हवी

अर्धमात्रा

नमस्कार. जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पाने शोधण्याजोगी करून देणारी एक छोटी प्रणाली आम्ही चौघे मिळून काही वर्षांपासून सांभाळत आहोत. तिच्यात दोन प्रोसेस आहेत. पहिलीला आम्ही 'वाचक' म्हणतो. ती पानाची प्रतिमा टेसरॅक्ट या अक्षरओळखीच्या प्रोग्रामकडून ओळखून घेते आणि प्रत्येक परिच्छेद स्वतंत्र संदेश म्हणून पुढे पाठवते. दुसरी 'नोंदकार'; ती आलेला परिच्छेद सूचीत नोंदवते. दोन्ही एकाच यंत्रावर चालतात आणि त्यांच्यामध्ये डेटाग्राम प्रकारचा (प्रत्येक संदेश सुटा, अखंड पोचवणारा) युनिक्स डोमेन सॉकेट, म्हणजे एकाच यंत्रावरच्या प्रोसेसमधली संदेशांची वाट, आहे. सगळा कोड सी-प्लस-प्लसमध्ये आहे.

लिनक्सवर या सॉकेटने आजवर एकही परिच्छेद हरवलेला नाही. आता हीच प्रणाली आम्ही मॅकवर आणत आहोत. कोड दोन-चार किरकोळ बदलांनंतर कंपाइल झाला, प्रणाली चालूही लागली, पण नोंदी पुऱ्या होत नाहीत. वीस पानांची तीच फाइल लागोपाठ तीनदा चालवली, तर तिन्ही वेळा परिच्छेदांची संख्या वेगळी येते. काही परिच्छेद दर वेळी गहाळ असतात आणि काही कधी असतात, कधी नसतात. डीबगर लावून एकेक पायरी पुढे गेले, की दुसऱ्या प्रकारचे सगळे परिच्छेद शहाण्यासारखे हजर होतात.

पाठवणाऱ्या फंक्शनने परत दिलेले मूल्य आमचा कोड तपासतच नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे. ते तपासून त्रुटीचा क्रमांक लॉगमध्ये लिहायला लावला, तेव्हा ४० आणि ५५ हे दोनच क्रमांक पुन्हापुन्हा दिसले. तक्त्यात ४० म्हणजे सिंबॉलिक लिंकची साखळी प्रमाणाबाहेर लांबली, असा अर्थ निघाला. आमची सॉकेट-फाइल टीएमपी डिरेक्टरीत असते आणि मॅकवर ती डिरेक्टरी ही स्वतःच प्रायव्हेट डिरेक्टरीकडे नेणारी लिंक आहे, त्यामुळे धागा सापडला असे वाटून मी दोन दिवस मार्ग बदलून पाहण्यात घालवले. उपयोग शून्य. ५५ चा अर्थ तर मला उमगलेलाच नाही.

पाणवठा

तुम्ही हा तक्ता कोणत्या यंत्रावर उघडला होता? मला शंका आहे की तो लिनक्सचा होता. त्रुटींची नावे दोन्हीकडे सारखी असली, तरी त्यांचे क्रमांक सारखे नसतात. लिनक्सवर ४० म्हणजे लिंकची साखळी, हे बरोबर आहे. पण मॅकवर ४० म्हणजे 'मेसेज टू लाँग', अर्थात संदेश मर्यादेपेक्षा मोठा. तसेच ५५ म्हणजे मॅकवर 'नो बफर स्पेस अव्हेलेबल'. याच दोन त्रुटी लिनक्सवर अनुक्रमे ९० आणि १०५ या क्रमांकांनी येतात. टीएमपी खरोखरच लिंक निघाली हा निव्वळ योगायोग, आणि त्यानेच तुमचे दोन दिवस खाल्ले. लॉगमध्ये क्रमांकाऐवजी त्या यंत्रावरच काढलेले त्रुटीचे वर्णन लिहिले, तर असा चकवा लागत नाही.

आता मूळ प्रश्न. मॅकवर या प्रकारच्या सॉकेटसाठी एका संदेशाची मूळ मर्यादा २०४८ बाइट आहे आणि घेणाऱ्या बाजूचा बफर (आलेले बाइट वाचले जाईपर्यंत ठेवण्याची जागा) ४०९६ बाइटचा असतो. सिस्टिम-कंट्रोलच्या आज्ञेने 'नेट डॉट लोकल डॉट डीग्राम' या शीर्षकाखालची मूल्ये पाहिलीत, तर हेच आकडे दिसतील. लिनक्सवर पाठवणीच्या बफरचे नेहमीचे मूल्य २,१२,९९२ बाइट असते, त्यामुळे तिथे तुमचा परिच्छेद या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. दर वेळी गहाळ होणाऱ्या परिच्छेदांची लांबी मोजून इथे सांगाल का?

अर्धमात्रा

तक्ता लिनक्सवरच्या हेडर फाइलमधला होता. संपादक तिथे उघडा होता, म्हणून तिथेच शोधले. यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

लांबी मोजली. दर वेळी गहाळ होणारा प्रत्येक परिच्छेद २०४८ बाइटांच्या वर आहे आणि त्याच्याविरुद्ध जाणारा एकही सापडला नाही. मॅकवर चाचणी घेताना हे आधी का दिसले नाही, तेही आता कळले. आमच्या सहकाऱ्याने चाचणीसाठी सुमारे सातशे अक्षरांचा इंग्रजी उतारा वापरला होता आणि तो सातशे बाइटांत मावत होता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही वेगवेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे २०४८ बाइटांत जेमतेम ६८२ चिन्हे बसतात. शंभर-सव्वाशे शब्दांचा मराठी परिच्छेद एवढ्यातच ही रेषा ओलांडतो, आणि जुन्या गद्यात त्याहून लांब परिच्छेद पानोपानी असतात.

४० चा उलगडा झाला. पण ५५ येणारे परिच्छेद लहान आहेत. चारशे बाइटांचाही एक त्यात आहे.

कोरा कागद

मला इथे एक मूलभूत हरकत घ्यायची आहे. युनिक्स डोमेनचे डेटाग्राम सॉकेट संदेश गाळत नाहीत आणि त्यांचा क्रमही बदलत नाहीत, असे लिनक्सचे मॅन्युअल लिहिते, आणि बहुतेक युनिक्स प्रणालींना ते लागू असल्याचेही सांगते. नेटवर्कवरच्या यूडीपीची गोष्ट वेगळी, तिथे हरवणे गृहीतच असते. इथे तर संदेश एकाच कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. तो मॅकवर हरवत असेल, तर चूक मॅकची आहे आणि ती तिथेच नोंदवली पाहिजे.

पाणवठा

मॅकने संदेश हरवलेला नाही. त्याने तो स्वीकारलाच नाही आणि तसे ५५ हा क्रमांक देऊन स्पष्ट कळवलेही. ऐकणारे कोणी नव्हते. सेंड, म्हणजे पाठवणारे फंक्शन, यशस्वी झाल्यानंतर संदेश गहाळ झाला असता, तर तुमची हरकत रास्त ठरली असती. मॅन्युअलमधली विश्वासार्हता स्वीकारलेल्या संदेशापुरती आहे. प्रत्येक संदेश स्वीकारलाच जाईल किंवा जागा होईपर्यंत पाठवणाऱ्याला थांबवून धरले जाईल, असे वचन त्या वाक्यात नाही.

दोन कर्नलमध्ये फरक पडतो तो नेमका इथे. लिनक्सवर घेणाऱ्याची रांग भरली, तर ब्लॉकिंग (काम होईपर्यंत वाट पाहणाऱ्या) सॉकेटवरचा सेंड तिथेच थांबतो आणि रांगेत जागा झाली की पुढे सरकतो. रांगेत किती संदेश मावतात हे लिनक्सवर मुख्यतः संख्येने ठरते. कर्नलचे मूळ मूल्य बरीच वर्षे १० होते. मॅक आणि त्याचे बीएसडी (युनिक्सची एक शाखा) भाऊबंद संख्या मोजत नाहीत, बाइट मोजतात. तिथे पाठवलेला डेटाग्राम पाठवणाऱ्याच्या बफरमध्ये क्षणभरही राहत नाही, तो थेट घेणाऱ्याच्या बफरमध्ये टाकला जातो, आणि तिथे जागा नसेल तर सॉकेट ब्लॉकिंग असूनही सेंड न थांबता त्रुटी देऊन परततो.

अर्धमात्रा, तुमचा चारशे बाइटांचा परिच्छेद स्वतःच्या आकारामुळे पडलेला नाही. त्याच्या आधी दोन मोठे परिच्छेद येऊन बसले असतील आणि ४०९६ बाइटांचा डबा भरला असेल. नोंदकार डिस्कवर लिहिण्यात गुंतला आणि तेवढ्यात वाचकाने पानावरचे सगळे परिच्छेद एकदम सोडले, की शेपटाकडचे बाहेर राहतात. डीबगर लावला की वाचक मंदावतो, नोंदकाराला सवड मिळते आणि दोष दिसेनासा होतो.

लिनक्सवर इतकी वर्षे वाचकाला नोंदकाराच्या वेगाने चालवण्याचे काम कर्नल आपणहून करत होता. तुमच्या कोडमध्ये ते कुठेच लिहिलेले नाही, म्हणून पोर्ट करताना त्याची आठवण कोणालाही झाली नाही.

तिसरा डबा

एवढ्यासाठी रचना बदलायची गरज मला दिसत नाही. सॉकेटचा बफर वाढवा आणि ५५ आला की मिलिसेकंदभर थांबून पुन्हा पाठवा. आमच्या लॉग पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये मी हेच केले आहे आणि तो ठीक चालतो.

अर्धमात्रा

तिसरा डबा, तुमचा उपाय काल रात्री करून पाहिला. पाठवणीचा बफर ६४ किलोबाइट केला आणि ५५ साठी पुन्हा पाठवण्याचे चक्र लिहिले. ४० येणे पूर्ण थांबले. पण एका परिच्छेदाशी वाचक अडकला तो अडकलाच. प्रोसेसर तापला, लॉगमध्ये ५५ च्या ओळींची रांग लागली, आणि नोंदकार मात्र रिकामा बसून होता. रांग रिकामी असताना जागा नाही, हे कसे?

पाणवठा

तो परिच्छेद ४०९६ बाइटांपेक्षा मोठा आहे का ते पाहा. तुम्ही पाठवण्याची मर्यादा वाढवली, पण घेणाऱ्याचा डबा होता तेवढाच राहिला. पाच हजार बाइटांचा संदेश त्यात रिकाम्या अवस्थेतही मावणार नाही, आणि कर्नल मात्र 'आत्ता जागा नाही' आणि 'कधीच जागा होणार नाही' या दोन्हींसाठी एकच त्रुटी देतो. नोंदकाराच्या सॉकेटवरही घेण्याचा बफर वाढवावा लागेल. लिनक्सवर युनिक्स सॉकेटला घेण्याच्या बफरचा पर्याय लागूच पडत नाही, त्यामुळे लिनक्सवर वाढलेल्या माणसाला तो सुचत नाही.

उंबरठा

फ्रीबीएसडीवर हेच सगळे भोगून झाले आहे, म्हणून लिहितो. थांबून पुन्हा पाठवण्याचा मार्ग लॉगसाठी चालून जातो, कारण लॉगमधली एखादी ओळ गेली तर कोणी रडत नाही. तुमच्या परिच्छेदांसाठी मी तो वापरणार नाही. किती थांबायचे याला काही आधार नसतो: कमी थांबलात तर प्रोसेसर वाया जातो, जास्त थांबलात तर वेग जातो. पोल वापरून 'जागा झाली की सांग' असे कर्नलला विचारावे, तर तेही जमत नाही, कारण पाठवणारा सॉकेट स्वतः काही साठवतच नसल्यामुळे पोल त्याला सदैव लिहिण्यास तयार असे सांगतो. लगेच पाठवायला जावे, तर पुन्हा ५५. लिनक्सवर, सॉकेट दुसऱ्या टोकाशी जोडलेला असेल, तर पोल त्या टोकाची रांग पाहून उत्तर देतो. हाही फरक कोड वाचून कळत नाही.

संदेशांच्या सीमाही राखल्या जाव्यात आणि पाठवणाराही थांबवला जावा, यासाठी सीक्वेन्स-पॅकेट प्रकारचा सॉकेट उत्तम असतो. तो लिनक्सवर आहे आणि फ्रीबीएसडीवर ९.० पासून आहे. मॅकवर युनिक्स डोमेनमध्ये तो नाही. सॉकेट तयार करतानाच नकार येतो. पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या सामाईक मानकातल्या संदेश-रांगा मॅकवर नाहीत. शेअर्ड मेमरीकडे (दोन्ही प्रोसेसच्या सामाईक स्मृतीकडे) वळायचा विचार असेल, तर प्रोसेसना एकमेकांसाठी थांबवणारा, नाव नसलेला सेमाफोर मॅकवर चालत नाही, कंपाइल मात्र होतो, आणि चालवताना 'अंमलबजावणी नाही' अशी त्रुटी देतो.

उरतो तो साधा स्ट्रीम सॉकेट, म्हणजे संदेशांच्या सीमा नसलेला बाइटांचा सलग प्रवाह. प्रत्येक संदेशाच्या आधी चार बाइटांत त्याची लांबी लिहा आणि मग मजकूर लिहा. ब्लॉकिंग स्ट्रीमवर बफर भरला की पाठवणारा तिन्ही प्रणालींवर थांबतो.

अर्धमात्रा

स्ट्रीमवर आलो. पहिल्या प्रयत्नात मी जी चूक केली, ती दुसऱ्या कोणाला टाळता यावी म्हणून लिहून ठेवते. एकदा वाचले की एक संदेश मिळाला, ही डेटाग्रामची सवय हातात राहिली होती. स्ट्रीममध्ये एका रिसीव्हमध्ये अर्धा संदेश येऊ शकतो, अडीच येऊ शकतात, आणि लांबीच्या चार बाइटांपैकी दोनच येऊन बाकीचे मागून येऊ शकतात. माझा कोड आलेल्या तुकड्याचे लगेच यूटीएफ-८ मधून अक्षरांत रूपांतर करत होता. तुकडा 'ष' च्या तीन बाइटांपैकी दोनवर तुटला, की आधीच्या ओळीच्या शेवटी एक प्रश्नचिन्हाचा चौकोन आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला दुसरा, असे दिसायचे. आता सांगितलेल्या लांबीइतके बाइट जमेपर्यंत वाचत राहायचे आणि पूर्ण संदेश हाती आल्यावरच रूपांतर करायचे, असे केले आहे. लिहिण्याच्या बाजूलाही तसेच: सगळे बाइट गेले का हे पाहून उरलेले पुन्हा लिहायचे, आणि मध्येच सिग्नल आल्याने काम थांबले असेल तर ते पुन्हा सुरू करायचे.

परिच्छेद आता पुरे येतात. पण नवेच काहीतरी निघाले आहे. वाचक आपले काम संपवून बंद होतो. त्याने सॉकेट बंद केला की नोंदकाराला प्रवाह संपल्याचे कळावे आणि त्याने सूची पूर्ण करावी, अशी रचना आहे. मॅकवर नोंदकार ताटकळत बसतो. वाचक प्रोसेसच्या यादीतून गेलेला असतो, तरीही. आणि काल अपघातानेच कळले, की पानाच्या पूर्वदृश्याची खिडकी बंद केली की त्याच क्षणी सूची पूर्ण होते! त्या खिडकीचा आणि या सॉकेटचा काहीही संबंध नाही.

कोरा कागद

आधीच्या मुद्द्यावर माझे चुकले होते, हे मान्य करतो. या वेळी मात्र संबंध आहे, असे मला वाटते. पूर्वदृश्य दाखवणारा प्रोग्राम वाचकाच्याच कोडमधून फोर्क (प्रोसेसची प्रत काढणे) आणि एक्झेक (त्या प्रतीत दुसरा प्रोग्राम चालवणे) करून सुरू होतो ना? मग त्याला वाचकाच्या उघड्या सॉकेटची प्रत वारशाने मिळत असणार. एका टोकाच्या सगळ्या प्रती बंद झाल्याशिवाय दुसऱ्या टोकाला प्रवाहाचा शेवट दिसत नाही. वाचक गेला, पण त्याच्या खोलीची दुसरी किल्ली पूर्वदृश्याच्या खिशात राहिली. सॉकेट तयार करणारी ओळ, तिच्या आजूबाजूच्या सशर्त-कंपाइल ओळींसह, इथे टाकाल का?

अर्धमात्रा

ओळ पाहिली आणि टाकायची गरजच उरली नाही. लिनक्सच्या फांदीत सॉकेट तयार करतानाच क्लोज-ऑन-एक्झेकचा, म्हणजे एक्झेक होताच ती प्रत आपोआप बंद करणारा, झेंडा दिलेला आहे. मॅकवर तो झेंडा नसल्यामुळे कंपाइल होईना, म्हणून मॅकच्या फांदीत आम्ही तो नुसता काढून टाकला. वर मी ज्यांना 'किरकोळ बदल' म्हटले, त्यांतला हा एक.

पाणवठा

मॅकवर सॉकेट तयार झाल्यावर लगेच एफसीएनटीएल या फंक्शनने तो झेंडा लावायचा असतो. मात्र ही दोन वेगळी पावले असल्यामुळे त्यांच्या मध्ये दुसऱ्या एखाद्या थ्रेडने फोर्क केले, तर प्रत निसटून जातेच. तुमच्या वाचकात एकाहून अधिक थ्रेड असतील, तर फोर्कऐवजी पॉझिक्स-स्पॉन वापरा आणि त्यात ॲपलने दिलेला जो पर्याय स्पष्टपणे सांगितलेल्या फाइलींखेरीज बाकी सगळ्या बंद करतो, तो लावा.

आणि किरकोळ बदलांची यादी काढलीच आहे, तर सेंडला दिलेला 'सिग्नल नको' हा झेंडाही असाच काढला गेला आहे का, तेही पाहा. तो गेला असेल, तर नोंदकार मध्येच बंद पडल्यावर पुढच्याच लिहिण्याला वाचकाला सिगपाइप हा प्रोसेस संपवणारा सिग्नल येईल आणि तोही एका अक्षराचा निरोप न ठेवता मरेल. मॅकवर यासाठी सॉकेटवरच लावायचा वेगळा पर्याय आहे.

अर्धमात्रा

तोही तसाच गेला होता. दोन्ही जागी केले.

आणखी एक अडथळा आला आणि तो माझा मीच सोडवला, म्हणून थोडक्यात. टीएमपीऐवजी वापरकर्त्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या डिरेक्टरीत सॉकेट ठेवला, तर एका सहकाऱ्याच्या यंत्रावर बाइंड होईना, म्हणजे सॉकेट त्या मार्गाशी जोडला जाईना. मॅकवर सॉकेटच्या मार्गासाठी १०४ बाइट असतात, लिनक्सवर १०८. मॅकची तात्पुरती डिरेक्टरीच पन्नासेक बाइट घेते, आणि त्यात आमचा प्रोग्राम प्रकल्पाच्या नावाची उपडिरेक्टरी करतो. त्याच्या प्रकल्पाचे नाव होते 'हस्तलिखिते'. डोळ्यांना पाच अक्षरे, चिन्हे दहा, बाइट तीस. आणि त्याखाली अशाच नावाचा आणखी एक उपप्रकल्प. आता मार्गात प्रकल्पाचे नाव न घेता छोटा क्रमांक घेतो.

तिसरा डबा

पुढेमागे विंडोजवर न्यायचे झाले, तर स्ट्रीमचा निर्णय तिथेही कामी येईल. विंडोज १० मध्ये २०१८ पासून युनिक्स डोमेन सॉकेट मिळतात, पण फक्त स्ट्रीम प्रकारचे. आणि तिथे प्रमाण प्रवाहातून (स्टँडर्ड आउटपुटमधून) कच्चे बाइट पाठवणार असाल, तर आधी तो बायनरी करून घ्या. नाहीतर १० मूल्याच्या प्रत्येक बाइटच्या आधी १३ घुसतो आणि तुमच्या चार बाइटांच्या लांबीचा बोजवारा उडतो. बरोबर दहा बाइटांचा संदेश पाठवला, की पहिल्याच झटक्यात दिसेल.

अर्धमात्रा

शेवटची नोंद देते. कालपासून तीच वीस पाने मॅकवर पन्नास वेळा चालवली. प्रत्येक संदेशात अनुक्रमांक घातला आहे आणि नोंदकार शेवटी पाठवलेल्यांची व आलेल्यांची संख्या ताडून पाहतो. पन्नासही वेळा जुळली. चाचणीतला इंग्रजी उतारा काढून त्याजागी आमच्या संग्रहातला सव्वादोनशे शब्दांचा परिच्छेद ठेवला. जुना डेटाग्रामचा कोड त्यावर पहिल्याच संदेशाला पडतो. नोंदकाराने डिस्कवर लिहिण्याआधीच तो बंद पडला तर काय, हा प्रश्न उरतो, कारण सेंड यशस्वी झाला म्हणजे बाइट कर्नलकडे पोचले एवढेच. त्यासाठी नोंद झाल्यावर अनुक्रमांकाची पोच परत पाठवण्याचे काम हाती घेतले आहे.

पाणवठा

पोच प्रत्येक संदेशाला न पाठवता पान संपले की एकदा पाठवा. आणि पोच येईपर्यंत वाचक लिहितच राहिला आणि नोंदकारही पोच लिहिताना थांबला, असे होऊ देऊ नका. दोघेही आपापल्या भरलेल्या बफरपाशी एकमेकांची वाट पाहत बसतील, आणि हे लिनक्सवर आधी दिसणार नाही, कारण तिथले बफर मोठे आहेत. मॅकवर स्ट्रीमचे बफर मुळात ८१९२ बाइटांचेच असतात. चाचणी मॅकवर घ्या.